आमच्या जीपमधले तीन मीटर

गाडीच्या पाठीवर ‘टर्बो’ हा शब्द वाचला नाही असा माणूस आज बीड जिल्ह्यात सापडणे कठीण आहे. पोरे तर हा शब्द सायकलच्या मडगार्डवरही रंगवून घेतात. पण टर्बो म्हणजे काय आणि तो गेला तर घरावर काय येते, हे विचारले तर ‘पिकअप चांगला मिळतो’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

वाचकहो, कुटुंबाच्या पानावर गाडीच्या वायरिंगचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण ज्या घराची चूल गाडीवर पेटते त्या घरात इंजिनाचे तेल आणि स्वयंपाकाचे तेल यांचा हिशेब एकाच वहीत असतो. आमच्या वस्तीत अशी घरे बरीच आहेत. कोणी जीप चालवतो, कोणी टेम्पो, कोणी ट्रॅक्टर. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की त्यांची ने-आण, बाजारचा दिवस, बीडच्या कोर्टाची तारीख, अंबाजोगाईचा दवाखाना, सहा डिसेंबरला दादरची खेप. वर्ष असेच जाते. बीड शहरापर्यंत रेल्वे आली ती २०२५ च्या सप्टेंबरात. तोवर या भागाला जीपशिवाय आधार नव्हता आणि खेड्यापाड्याला तो आजही नाही.

आमची जीप सात आसनी, टर्बो डिझेल, पिवळ्या पाटीची. दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. घरधन्याने चौदा वर्षे दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या. मग पतपेढीचे कर्ज, थोडे घरातले सोने आणि सासूबाईंनी शेळ्या विकून दिलेले पैसे यांतून ही गाडी उभी राहिली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. गाडी आणून चौथा महिना लागला आणि चढावर शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला. बीडच्या मेकॅनिकने पुढचा पाइप काढून बोट आत घातले, पंखा हलवून पाहिला आणि म्हणाला, “दादा, टर्बो गेलाय. दांडी लटलट करायलीय. आधीचा ड्रायव्हर घाट चढून आला की लगेच चावी फिरवत असेल.” दुरुस्त केलेला टर्बो बसवायलाच दोन हप्त्यांएवढे पैसे गेले, आणि आठ दिवस गाडी उभी राहिली ते वेगळेच.

त्या आठ दिवसांत आम्ही टर्बो समजून घेतला. लोहाराचा भाता सगळ्यांनी पाहिला आहे. भात्याने वारा घातला की निखारा फुलतो. इंजिनाचेही तसेच आहे. आत जास्त हवा गेली तर जास्त डिझेल नीट जळते आणि ताकद वाढते. पण भाता ओढायला माणूस लागतो, इथे तो कोणी ओढायचा? स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी त्याची युक्ती काढली आणि १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. इंजिनातून फुकट बाहेर जाणारा तप्त धूरच एका चक्राला फिरवतो. त्याच दांडीवर दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात घालते. म्हणजे वाया जाणाऱ्या धुरालाच भात्यावर बसवले.

आता हे चक्र किती फिरते? घरातला छताचा पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो. टर्बोची दांडी जोरात असताना मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते. बहुतेक टर्बोंमध्ये ती बेअरिंगच्या गोळ्यांवरही नसते, तेलाच्या पातळ थरावर तरंगते. ते तेल इंजिनाचेच. इंजिन बंद केले की तेलाचा पंप बंद. पण चक्र लगेच थांबत नाही आणि धुराच्या बाजूचे लोखंड तर भट्टीसारखे तापलेले असते. मग आत अडकलेले तेल करपते. कढईला करपलेले तेल कसे चिकटून बसते ते आपल्या भगिनींना सांगायला नको. तसेच ते दांडीभोवती आणि बारीक नळीत चिकटते, पुढच्या वेळी तेल यायला अडथळा होतो आणि धातूवर धातू घासतो. म्हणून चढ चढून आल्यावर किंवा मोठी दौड झाल्यावर मिनिट-दोन मिनिटे इंजिन हळू चालू ठेवायचे आणि मग चावी फिरवायची. त्याला पैसाही लागत नाही. पण ड्रायव्हरला घाई असते आणि उतारूंना त्याहून जास्त.

गाडीत तेलाचा दिवा असतो, पाण्याचा काटा असतो, मग आणखी मीटर कशाला? हा प्रश्न आम्हाला वस्तीत निदान दहा जणांनी विचारला. तेलाचा लाल दिवा लागतो तो दाब जवळजवळ संपल्यावर. बहुतेक गाड्यांत हा दिवा अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहून खाली पेटतो. (बार म्हणजे दाबाचे माप. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण एक बार आणि मोटारीच्या चाकात भरतो ती हवा साधारण दोन बार.) रस्त्यावर पळणाऱ्या इंजिनाला तीन-चार बार दाब लागतो. तो घसरत दीडवर आला तरी दिवा गप्पच. दिवा लागेपर्यंत टर्बोचे आणि बेअरिंगचे व्हायचे ते होऊन गेलेले असते. पाण्याच्या काट्याचीही तीच गत. पुष्कळ गाड्यांत हा काटा मुद्दाम असा बांधलेला असतो की पाणी ऐंशी अंशावर असो की शंभरावर, तो मधोमध उभा. चालवणाऱ्याने उगाच घाबरू नये म्हणून ही सोय. ज्याची गाडी वॉरंटीत आहे त्याचे ठीक. ज्याचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो, त्याला घाबरण्याची वेळ जरा आधी कळलेली बरी.

तेव्हा तीन मीटर ठरवले. एक तेलाच्या दाबाचा, एक पाण्याच्या उष्णतेचा, एक बूस्टचा म्हणजे टर्बो किती दाबाने हवा घालतो ते दाखवणारा. दुकानात बसवण्याची मजुरी विचारली तर ती मीटरांच्या किमतीएवढीच. तरीही दिली असती. पण गाडीत आधीच्या मालकाने कुठल्याशा दुकानातून टेप आणि मोठे स्पीकर बसवून घेतले होते. डॅशबोर्डखाली हात घातला तर ती वायर सरळ बॅटरीवरून आणलेली, मध्ये फ्यूज नाही, जोड नुसते पीळ देऊन चिकटपट्टीने गुंडाळलेले. उन्हाने पट्टीचा डिंक वितळून गेला होता आणि एका जागी वायरीचे कातडे पत्र्याला घासून आतले तांबे उघडे पडले होते. बाजूचा रबरी मॅट काळा झाला होता. सात माणसे घेऊन जाणाऱ्या गाडीत हे होते. ते पाहिल्यावर काम घरीच करायचे, हे पुतणीने ठरवले.

आमची पुतणी आयटीआयची इलेक्ट्रिशियन झाली आहे. घरांची वायरिंग करते, मोटारी बांधते. तिने पहिल्याच दिवशी हुकूम सोडला, “तात्या, आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. बाकीचं मंग.” घरातली वीज दोनशे तीस व्होल्टची, ती माणसाला झटका देते, म्हणून माणूस तिला भितो. गाडीची वीज बारा व्होल्टची, हाताला कळतही नाही, म्हणून तिला कोणी भीत नाही. पण बॅटरीत साठलेला करंट एवढा असतो की दोन टोकांवर पाना आडवा पडला तर पाना लाल होतो. गाडीला आग लागते ती झटक्याने लागत नाही, अशाच उघड्या पडलेल्या वायरीने लागते.

फ्यूजबद्दल तिने जे सांगितले ते येथे मुद्दाम लिहितो, कारण बहुतेकांचा समज उलटा असतो. फ्यूज हा टेप किंवा मीटर वाचवण्यासाठी नसतो, तो वायर वाचवण्यासाठी असतो. म्हणून तो मीटरजवळ लावून उपयोग नाही, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत लावायचा. मध्ये कुठेही वायर पत्र्याला टेकली तर फ्यूज जळेल, वायर जळणार नाही. किती अँपिअरचा? साठ वॉटचा दिवा बारा व्होल्टवर पाच अँपिअर घेतो, वॉटला व्होल्टने भागायचे, सातवीचे गणित. आपले तीन मीटर मिळून एक अँपिअरही घेत नाहीत. तिने तीन अँपिअरचा फ्यूज लावला. शेजारचा पोरगा म्हणाला, तीसचा टाका, सारखा जळायचा नाही. तिने त्याच्याकडे नुसते पाहिले.

पहिला दिवस जुनी टेपची वायर काढण्यातच गेला. टेप ठेवला, कारण आकाशवाणी ऐकल्याशिवाय आमच्या घरधन्याला गाडी चालत नाही, पण त्याला नवी वायर आणि स्वतःचा फ्यूज दिला. मीटरांसाठी चावी फिरवल्यावरच वीज येते अशी वायर मल्टिमीटरने शोधून काढली. त्यांच्या आतल्या दिव्यांची वायर पार्किंगच्या दिव्याला जोडली, म्हणजे रात्री मीटर उजळतात. इंजिनाकडून आत येणारी वायर पत्र्याच्या भोकातून येते, त्या भोकाला रबराची बांगडी बसवली, नाहीतर वर्षभराच्या हादऱ्यांनी पत्रा वायर कापतो. निगेटिव्हसाठी चेसिसवरचा रंग खरवडून पांढरे लोखंड दिसेपर्यंत घासले, बोल्ट आवळला आणि वर ग्रीस लावले. पुतणीच्या मते गाडीतले अर्धे बिघाड वाईट अर्थिंगचे असतात आणि माणसे विनाकारण नवा माल बदलत बसतात.

या वेळी दारात गर्दी जमलीच. एक म्हातारे गृहस्थ, नात्याने मामा लागतात, बराच वेळ पाहत होते. म्हणाले, “पोरीच्या हाती पाना कशाला दिला रं? काळी झाली समदी.” पोरीनेच बोनेटखालून उत्तर दिले, “मामा, तुमच्या घरचा मीटर मीच बसवला होता, तवा नाही म्हणलात.” पुढे मामाच टॉर्च धरून उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत हलले नाहीत.

दुसरा दिवस तेलाच्या जोडाने खाल्ला. कंपनीचा तेलाचा दिवा ज्या स्विचवर चालतो तो स्विच इंजिनात पेचाने बसवलेला असतो. तो काढून तिथे पितळेचा टी आकाराचा जोड लावायचा. एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला नवा सेन्सर. म्हणजे दिवाही राहतो आणि मीटरही. अडचण आट्यांची. सेन्सरचे आटे एका मापाचे, इंजिनाचे दुसऱ्या मापाचे. हाताला बसल्यासारखे वाटते, दोन फेरे जातात आणि तिसऱ्याला अडते. तिथे जोर लावला तर इंजिनाचेच आटे जातात आणि मग खर्च हजारात जातो. घरधनी दोन्ही नग घेऊन लेथवाल्याकडे गेले, त्याने आटे मोजून पितळेचा मधला जोड करून दिला. आट्यांना सीलंट लावले, तेही बेताने, कारण सेन्सरला निगेटिव्ह मिळते ते त्या पितळेतूनच. इंजिन चालू करून जोडाखाली पांढरा कागद धरला. अर्धा तास कागद कोरडा राहिला, तेव्हा आम्ही जेवायला उठलो. तेलाची गळती ही साधी गोष्ट नाही. दाबाखालचे तेल तापलेल्या मॅनिफोल्डवर उडाले तर पेट घेते.

पाण्याच्या मीटरचे काम सोपे निघाले. रेडिएटरला जाणारा वरचा होस पाइप कापून मध्ये ॲल्युमिनियमची नळी बसवायची, सेन्सर तिच्यात. बूस्टच्या मीटरला वीज लागते ती फक्त दिव्यापुरती. टर्बोच्या पुढे, हवा इंजिनात शिरते तिथून एक बारीक रबरी नळी काट्यापर्यंत आणली. तिन्ही मीटर बसवायला तयार खोळ मिळते, पण आम्ही पत्र्याची पट्टी वाकवून काळा रंग दिला आणि डॅशबोर्डच्या वर, रस्ता झाकणार नाही अशी कोपऱ्यात बसवली. मीटर, वायर, जोड, लेथची मजुरी, सगळे मिळून साडेसहा हजारांच्या आत झाले. धुराची उष्णता मोजणारा चौथा मीटरही मिळतो. त्यासाठी मॅनिफोल्डला भोक पाडावे लागते. लोखंडाचा एक कीस आत राहिला तर तो थेट टर्बोच्या चक्रात जातो. ते काम घरी करायचे नाही.

पहिली परीक्षा मांजरसुंब्याच्या घाटात झाली. बीडकडून निघाले की बालाघाटाची चढण इथेच लागते. मे महिना, दुपार, सात माणसे. बूस्टचा काटा शून्याच्या आसपास होता तो चढ सुरू होताच पाऊण बारवर, मग त्याच्याही थोडा वर गेला. एक्सिलेटर थोडा सैल केला की काटा खाली. पाणी अठ्ठ्याऐंशीवरून सत्त्याण्णववर गेले. या सगळ्या वेळात कंपनीचा काटा मधोमध शांत. वर पोहोचल्यावर घरधन्याने गाडी बाजूला घेऊन इंजिन चालूच ठेवले. एका उतारूने विचारले, “काय झालं?” “काही नाही, टर्बो गार होऊ द्या.” त्या दोन मिनिटांत तंबाखू मळून होते. आता आमच्या उतारूंना ही सवयच झाली आहे.

खरी गरज पडली ती श्रावणात. शेजारच्या लेकीला रात्री कळा सुरू झाल्या, दिवस भरले नव्हते. तालुक्याला नेले, तिथून अंबाजोगाईला न्या म्हणाले. तिथले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ मध्ये सुरू झाले आणि तेव्हापासून या भागातल्या अवघड बाळंतपणांची वाट तिकडेच जाते. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या खेपेला गेलेली होती. जीप निघाली. केजच्या अलीकडे पाण्याचा मीटर शंभरावर गेला. सपाट रस्ता, रात्रीची गार हवा, तिथे शंभर होण्याचे कारणच नव्हते. कंपनीचा काटा मधेच होता आणि दिवाही लागला नव्हता. लेकीची आई म्हणत होती, थांबू नका दादा, थांबू नका. त्या क्षणी थांबणे किती अवघड असते ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल. आठ-दहा किलोमीटर तसेच रेटले असते तर पाणी संपून इंजिन जाम झाले असते आणि त्या अंधारात दुसरी गाडी कुठून आणायची?

एकशेचारला गाडी थांबवली. खालच्या होसची जुनी क्लिप सैल होऊन पाणी वाहत होते. सोबतच्या माणसाने तोवर केजला फोन लावून दुसरी जीप बोलावून ठेवली. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडायचे नाही, आतले पाणी दाबाखाली शंभराच्या वर तापलेले असते आणि झाकण सैल होताच उसळून तोंडावर येते. घरधन्याने क्लिप आवळली, झाकणावर ओले पोते टाकून वाट पाहिली, काटा खाली आल्यावर पाणी घातले. वीस मिनिटे गेली. दुसरी जीप पोहोचायच्या आत आमची निघाली होती. पहाटे मुलगी झाली, वजन कमी, पण आई आणि लेक दोघी घरी परत आल्या. मेकॅनिकने नंतर सगळ्या क्लिपा बदलल्या.

हे सगळे पाहून वस्तीतली तरणी पोरे आता गाडीत काय काय बसवायचे ते विचारायला येतात. मीटर विचारणारा एखादाच. बाकीच्यांना हवी असते ती ताकद वाढवणारी छोटी पेटी. ती इंजिनाला फसवून जास्त डिझेल आणि जास्त बूस्ट घ्यायला लावते. पहिले चार महिने गाडी वाऱ्यासारखी पळते. मग ज्या दाबासाठी टर्बो, गॅस्केट आणि क्लच बांधलेलेच नाहीत तो दाब त्यांच्यावर रोज पडतो आणि एक-एक करून ते जातात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला कंपनीचा तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले आहे. मीटर लावल्याने गाडीचे काहीच बदलत नाही, तो फक्त पाहतो. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस बोनेट उघडून काय शोधतो, हे या पोरांनी एकदा कोणा ड्रायव्हरला विचारावे.

ज्यांच्याकडे अलीकडची गाडी आहे त्यांनी तर वायर कापायचीही घाई करू नये. या गाड्यांत स्टिअरिंगखाली एक तपासणीचे सॉकेट असते. त्यात आगपेटीएवढा रीडर लावला की पाण्याची उष्णता आणि बहुतेक गाड्यांत बूस्टही मोबाइलवर दिसतो. वापर झाला की रीडर काढून ठेवावा, नाहीतर गाडी चार दिवस उभी राहिली तर तो बॅटरी खातो. एअरबॅगच्या वायरींचे जोड बहुतेक पिवळे असतात, त्यांना हात लावू नये. आणि वायरीचा जोड टेस्टर टोचून शोधू नये, मल्टिमीटर घ्यावा. तीनशे-चारशे रुपयांना मिळतो आणि घरातही उपयोगी पडतो. गेल्या महिन्यात आमच्या सासूबाईंनी त्याने रेडिओचे सेल तपासून दोन चांगले सेल फेकण्यातून वाचवले.

पुतणीकडे आता एक क्रूझरवाला विचारून गेला आहे. त्याला चार मीटर हवेत आणि काम रविवारी एका दिवसात हवे. ती म्हणते दोन दिवस लागतील, पहिला दिवस जुनी वायर पाहण्यात जाईल. मजुरी किती घ्यायची यावर घरात अजून एकमत झालेले नाही. मामा म्हणतात, टॉर्च धरणाऱ्याचेही त्यात काही धरा.